बाबांवरच्या पाच ओळी

माझ्या बापावर मी पाच ओळींचं एक पद केलं. ते आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, घरच्या गणपतीसमोर, सगळ्या वाडीदेखत गायलं गेलं, आणि त्यावर सगळ्यात मोठ्याने माझा बापच हसला. ह्याचा मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही आणि आजही होत नाही. माझी एक काकी भेटली की अजून सांगते, "बाय, बापसाची मापी माग गो." मी मागितलेली नाही. बाबांनीही कधी मागायला लावलेली नाही, हे आणखी बरं.

आमचं गाव देवरुखपासून एसटीने तासाभरावर. गाव म्हणजे बायका, म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. बाप्ये सगळे मुंबईला. ते शिमग्याला येतात आणि गणपतीला येतात. त्यामुळे आमच्याकडे आयुष्यातली सगळी मोठी कामं ह्या दोन सुट्ट्यांत कोंबलेली असतात. कौलं बदलणं, बांधावरून भांडणं, देवळाची बैठक आणि पोरींची लग्नं ठरवणं. एखाद्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले की समजावं, एकतर फाल्गुन आहे नाहीतर भाद्रपद.

बाबा मुंबईत एका खासगी कंपनीत शिपाई होते आणि राहायला गावकऱ्यांच्या खोलीवर. ही खोली म्हणजे काय ते सांगायला हवं. गावच्या माणसांनी मिळून फार पूर्वी घेतलेली एक जागा. भिंतीवर ग्रामदेवतेचा फोटो, फोटोखाली ओळीने ट्रंका, आणि त्या ट्रंकांचे मालक झोपायला तसेच ओळीने जमिनीवर. बायकांनी तिथे राहायचं नाही, हा नियम. बाबा गावी आले की त्या खोलीच्या गोष्टी रंगवून सांगत. एकाने कूस बदलली की सगळ्या ओळीने बदलायची, नाहीतर कोणाचं तरी कोपर कोणाच्या तरी नाकात. कोणी झोपेत नुसतं "वळा" बरळलं तरी सगळे निमूट वळायचे म्हणे. आम्ही भावंडं हसून लोळायचो. आई भाकऱ्या भाजत असायची, ती हसायची नाही. मला वाटायचं, तिने ती गोष्ट पुष्कळदा ऐकली असेल.

मी देवरुखच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. केलं, मग बी.एड., आणि तिथल्याच एका खासगी शाळेत तात्पुरती शिक्षिका म्हणून लागले. रोजची सकाळची एसटी. त्याच एसटीत तो भेटला, आणि भेटला तो भांडणातूनच.

बाजाराचा दिवस होता, गाडी भरलेली. एकाच सीटवर माणूस नव्हता, काजूच्या कलमांचा क्रेट होता. मी विचारलं, कोणाचा हा? शेजारून एक मुलगा म्हणाला, माझा. म्हटलं, उचला. तो म्हणाला, "त्यांचं तिकीट काढलंय." आणि खरंच खिशातून सामानाचं तिकीट काढून दाखवलं. कंडक्टरने खांदे उडवले. मी देवरुखपर्यंत उभी राहिले आणि उभी राहून त्या रोपांकडे अशी बघत राहिले की ती जगली कशी हेच नवल. उतरताना तो म्हणाला, "बाई, मीसुद्धा उभाच होतो." हे मला आधी दिसलंच नव्हतं. पुढच्या बाजाराला क्रेट त्याच्या पायांत होता आणि सीट रिकामी ठेवलेली होती. मी बसले. पुढचं काय सांगायचं? जसं सगळ्यांचं होतं तसंच आमचं झालं, फक्त आमच्या पायाशी कायम काजूची रोपं असायची.

तो पलीकडच्या गावचा. कातळाच्या कडेला त्याने नर्सरी केली होती. आंबा, काजू, कोकम, थोडी जायफळं. जात आडवी येत नव्हती, भावकी येत नव्हती, पत्रिका कोणी मागितलीच नव्हती. अडचण एकच होती. तो गावात राहत होता.

आमच्या भागात गावात राहणाऱ्या मुलाला कोणी मुलगी देत नाही. त्याच्याकडे जमीन असो, दुचाकी असो, स्वभाव सोन्याचा असो. "काय करतो?" ह्या प्रश्नाला "मुंबईला असतो" एवढंच उत्तर चालतं. मग तो मुंबईत नेमकं काय करतो, हे विचारायचीही गरज पडत नाही. उलट गावात राहून कोणी कितीही कमावलं तरी लोक म्हणणार, बिचाऱ्याला मुंबईत काही मिळालं नसेल.

मी आईला आधी सांगितलं. मला खात्री होती की ती माझ्या बाजूने उभी राहील. जिने लावणी, बेणणी, कापणी, झोडणी सगळं एकटीने केलं, आजारी सासूचं एकटीने केलं, आमची आजारपणं एकटीने काढली, तिला गावातला जावई का नको होईल? तिने ऐकून घेतलं, हातातलं सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "नाय. गावातला नको." बस. कारण नाही, चर्चा नाही. त्यानंतर तिने माझ्याशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली.

बाबा फोनवर भरपूर बोलले. "कलमांना पिलास्टिकच्या पट्ट्या बांधनारा जावय मला नको. खोलीवर मानसं विचारतील, जावय काय करतो, तर काय सांगू? पट्ट्या बांधतो?" मी म्हटलं, "सांगा, जावय झाडं करतो." ते म्हणाले, "शानी हायस. गनपतीला येतो तवा एक पोरगा बगायला येतोय. मुंबयला असतो. तयार ऱ्हा." आणि फोन ठेवला.

मला बाबांचा राग आला, पण तो ओळखीचा राग होता. वर्षातून महिनाभर घरी येणाऱ्या माणसाने आपल्या जन्माचा निकाल फोनवर लावावा, ह्याचा संताप कोणत्या पोरीला येत नाही? आईचा राग मात्र आतून जाळत होता. ती का म्हणून आड येते, हेच मला कळत नव्हतं, आणि मी मुद्दाम विचारतही नव्हते. तोंड फिरवलं होतं ना तिने, मग मीही फिरवलं.

त्याच आठवड्यात शाळेत मी आठवीला लिमरिक शिकवत होते. पाच ओळींचं विनोदी पद्य. पहिली, दुसरी आणि पाचवी ओळ एका यमकात, मधल्या दोन आखूड, त्यांचं यमक वेगळं. गंभीर काही बोलायचं नाही, पण चिमटा काढायचा. मुलांना मराठीत करून बघायला सांगितलं. कोणी मुख्याध्यापकांच्या छत्रीवर केलं, कोणी मधल्या सुट्टीतल्या खिचडीवर. मुलं खाली मान घालून लिहीत होती तोपर्यंत मीही एक केलं.

आमच्या शाळेच्या गाडीचे ड्रायव्हर जाखडी नाचाचे शायर होते. गणपतीत त्यांचा नाच घरोघर फिरायचा. मधे मृदंगवाला आणि गाणारे, भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारी मुलं. आधी गण, मग गवळण, मग विनोदाची पदं. ते मला रोज म्हणायचे, "बाई, काय तरी नवीन द्या. पोरं आता जुन्याला हसत नायत." मी तो कागद त्यांच्या हातात दिला. कोणावर केलंय ते सांगितलं नाही. त्यांनी वाचलं, स्टिअरिंगवर ताल धरला आणि म्हणाले, "अवो बाई, ह्ये तर आमच्या सगळ्या तालुक्यावर हाय!"

पद असं होतं:

एका पोरीचा मुंबईला बाप,
त्याला गावच्या पोरांचा ताप.
म्हणे, "मुंबईत ऐट!"
अन् झोपतोय थेट
बारा जणांत, कुशीलाही माप!

नाच आमच्याकडे येणार हे मला माहीत होतं. दर वर्षी यायचाच. मी काही अजाणता केलं असं कोणी समजू नये. मला बाबांच्या तोंडावर बोलायचं होतं, पण आमच्या घरात बापाच्या तोंडावर पोरी बोलत नाहीत. शायर मात्र कोणालाही काहीही बोलू शकतो, वर त्याला चहा आणि नारळ मिळतो.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाच आला. खळं सारवलेलं, माणसांनी भरलेलं. बाबा नवीन बनियन घालून पुढे खुर्ची टाकून बसलेले, बाजूला वाडीतले सगळे मुंबईकर. गण झाला, गवळण झाली. मग शायरांनी गळा साफ केला आणि माझ्या पाच ओळी एका सिनेमाच्या चालीवर सोडल्या. पहिल्या ओळीला लोक सावरून बसले. "कुशीलाही माप" म्हणताना नाचणाऱ्या मुलांनी एकदम एका अंगावर वळून दाखवलं आणि खळं फुटलं. बाबा मांडीवर थापा मारून हसत होते. शेजारच्या काकांच्या पाठीत गुद्दा घालून म्हणाले, "मेल्या, ह्ये तुज्यावर हाय!" काका म्हणाले, "माज्यावर कसला, ह्यो तुजा मागचा भाव बग, त्येच्यावर हाय!" प्रत्येकाला तो बाप शेजारी बसलेला दिसत होता. प्रत्येकाच्या घरी एक लग्नाची पोर होती, प्रत्येकजण तसल्याच खोल्यांत ओळीने झोपून आलेला होता, आणि पद आपल्यावर आहे असं एकालाही वाटलं नाही. बाबा ओरडले, "बुवा, परत व्हऊ दे!" शायरांनी परत म्हटलं. बाबांनी पुन्हा म्हणायला लावलं. शेवटी बाबा स्वतःच पाचवी ओळ बरोबर म्हणायला लागले.

मी पडवीच्या खांबाला टेकून बघत होते. मजा वाटली, खोटं कशाला बोलू? पण जरा घाबरलेही, कारण आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती आणि तिथेच थांबली होती. चहा गार होईपर्यंत थांबली होती.

नाच पुढच्या घरी गेला तशी तिने मला चुलीकडे बोलावलं. घरात आम्ही घरचंच बोलतो, शाळेतलं मराठी उंबऱ्याबाहेर.

"ह्ये पद तूच केलंस ना?"

"व्हय."

"बापसावर?"

"व्हय. मुंबयची ऐट मारतात म्हनून. झोपायला जागा नाय आनि गावात ऱ्हानाऱ्याला नावं ठेवतात."

आईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. जाळ कमी झाला. म्हणाली, "त्या खोलीला हसतेस तू. मला ती खोली कवा बगायलापन मिळाली नाय."

मी चिडून म्हटलं, "मंग मला कशाला ढकलतेस तितं? तुला जावय हितला का नको?"

तेव्हा ती बोलली. इतके दिवस जे कारण दिलं नव्हतं ते तिने उभ्याउभ्या दिलं. "तुजा बापूस लगीन झालं तवा हितंच व्हता. नदीच्या कडेला कलिंगडा करायचा. मला सांगितलान, मी मुंबयला जानार नाय, आपन हितंच ऱ्हाव. पुढल्या पावसाळ्याला गेला. तू पोटात व्हतीस. बोलला, दोन वर्सं कमावतो आनि येतो. गावात ऱ्हातो बोलनारा कवा जाईल त्येचा भरवसा नाय गो बाय. सगळे तसंच बोलतात. जो आदीच तितं हाय, तो बायकूला निदान तितं नेईल. दोगं एका घरात तरी ऱ्हाल. खोली केवडी का असंना."

बाबांनी कधी कलिंगडं लावली होती हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. घरात त्याचा शब्दही कधी निघाला नव्हता. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी तिला समजत होते ती बाई ही नव्हतीच. तिला मुंबईचा जावई ऐटीसाठी हवा नव्हता. तिला फक्त एवढंच हवं होतं की माझ्या ताटाशेजारी रोज एक दुसरं ताट असावं. आणि मला दुसरं काय हवं होतं? तेच तर हवं होतं!

पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, "तो गेला तर मी मागं ऱ्हानार नाय. त्येच्या ट्रंकेवर बसून जाईन."

आई म्हणाली, "मीपन तसंच बोललेली." आणि मोदकांचं भांडं घेऊन बाहेर गेली.

गौरी गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी मुलगा बघायला आला. बरोबर आई, वडील आणि मामा. मुलगा वाईट नव्हता हे सांगितलं पाहिजे. लाजरा होता, पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढत होता. मी पाटावर बसले नाही, खुर्ची घेऊन बसले. बाबांनी डोळे वटारले. नाव, शिक्षण, पगार झालं. मग मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलीला काय विचारायचं आहे काय?" असं विचारायची पद्धत आहे. मुलीने मान हलवून नाही म्हणायची, हीही पद्धतच.

मी म्हटलं, "लग्नानंतर मी कुठे राहायचं?"

मुलाने आपल्या आईकडे बघितलं. ती बाई सरळ होती, तिने सरळ सांगितलं. "खोली हाय मुंबयला, पन तितं मोठा भाव आनि त्येचं बिऱ्हाड हाय. सद्या सून गावातच ऱ्हाईल आमच्यासंगती. शेतीला मानूस नको काय? आमी आता म्हातारी झालाव. मागनं बघू."

आणि माझे बाबा खुशीत म्हणाले, "बरोबर हाय. आमचंपन तसंच झालं. मागनं बघू, मागनं बघू बोलता बोलता झाला की संसार!"

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे बोलायला खूप काही होतं, सगळं मनात रचून ठेवलेलं. पण माझ्याआधी मागून आवाज आला, "नाय."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. पदर खोचलेला, हात पिठाचे. पाहुण्यांसमोर ती कधी दाराच्या पुढे येत नसे. ती दोन पावलं पुढे आली. "माजी पोर मागं ऱ्हानार नाय."

बाबा म्हणाले, "अगो, पावन्यांसमोर काय..."

"पावन्यांसमोरच बोलतेय. तुमी कवा असता घरात बोलायला?" तिचा आवाज चढला नव्हता. भात किती टाकू असं विचारावं तशा आवाजात ती बोलत होती. "मागनं बघू मलापन सांगितलेलात. मी अजून बगतेय." मग मुलाच्या आईकडे वळून म्हणाली, "बाय, तुमचा राग नाय. तुमीपन तशाच ऱ्हायलात, मला दिसतंय. पन माजी पोर मी मागं ठेवन्यासाठी देनार नाय."

 मुलाच्या आईने ताटली खाली ठेवली आणि माझ्या आईकडे जरा वेळ बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता हे मी शपथेवर सांगेन. मग मामा उठले, मग सगळे उठले, आणि आईने त्यांना रीतसर नारळ देऊन वाटेला लावलं.

पाहुणे वळणाआड गेल्यावर बाबा माझ्यावर उखडले. "तूच शिकवलंस आयशीला! आब्रू घालवलीत दोगींनी!"

आई म्हणाली, "ती काय शिकवील मला. तिनं काय करायचं ते केलान. त्या दिवशी पद ऐकून हसलात ना? तुमच्यावर व्हतं त्ये. पोरीनं केलेलं."

बाबा ओटीच्या कठड्यावर बसले.  ओठ हलत होते, पद पुन्हा म्हणून बघत होते. मग एकदम म्हणाले, "बारा कुटले, आता सोळा हाव."

मला त्या क्षणी त्यांची दया आली, आणि त्यांना ती दिसली असावी, कारण ते लगेच तापले. "बापसावर पद करतेस? सगळ्या वाडीसमोर?"

"तुमीच परत परत म्हनायला लावलंत," मी म्हटलं.

"लगीन करायचं त्येच्याशी तर कर. मी येनार नाय!"

"रजा नसली तर नका येव."

हे जरा जास्तच झालं असं काकी म्हणते. असेल. पण इतकी वर्षं शाळेचं बक्षीस असो, आजीचं दहावं असो, "रजा नाय" हे आम्ही त्यांच्याकडून ऐकत आलो होतो. एकदा त्यांनीही ऐकायला काय हरकत होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी आई मला म्हणाली, "चल, तुजी झाडं दाखव." आम्ही पायवाटेने नर्सरीत गेलो. तो कलमांत उकिडवा बसला होता. आईला बघून घाईने उठला, हात पँटला पुसले, बसायला खत भरलेली गोणी आडवी करून दिली. आई बसली नाही. तिने सरळ विचारलं, "मुंबयला जानार काय तू?"

मला वाटलं, आता हा "कधीच नाही" म्हणणार आणि आई त्याला तिथेच निकालात काढणार. मी त्याला डोळ्यांनी खुणवायला बघत होते, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

तो म्हणाला, "सांगता येत नाय काकी. आता तरी जायचं मनात नाय. पन पाऊस ऱ्हायला नाय, रोग पडला, तर काय करीन त्ये आज कसं सांगू? गेलो तर दोगं जाव."

"आनि ही नको बोलली तर?"

"तर मी एकटा जाऊन काय करू?"

 आईने रोपांच्या ओळींतून एक फेरी मारली, एका कलमाची सुटलेली पट्टी दाखवली, ती त्याने बांधली. परतताना घाटीत दम घ्यायला थांबली तेव्हा म्हणाली, "बोलतो तरी खरं." लग्नाला तिची संमती म्हणायची तर एवढीच. लग्न पुढे उन्हाळ्यात झालं. बाबा आले, रजा काढून आले, फोटोत जरा बाजूला उभे राहिले. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. आम्ही दोघं इथेच आहोत. मी अजून सकाळची एसटी पकडते आणि तो अजून झाडांचं तिकीट काढतो.

सांगायचं आहे ते बाबा त्या गणपतीनंतर मुंबईला निघाले त्या दिवसाचं.

आमच्याकडे जादा गाड्या सुटतात त्या दिवशी सगळी वाडी फाट्यावर असते. गोणपाटात नारळ, पिशव्यांत नवीन कोकमं, उकडा तांदूळ, कोणाचं लोणचं. बाप्ये गाडीत चढतात, बायका खिडक्यांखाली उभ्या राहतात, आणि प्रत्येक बाई ठरलेलं एकच वाक्य म्हणते, "पोचल्यावर फोन करा." माझी आई दर वर्षी तेच म्हणायची. मग गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहायची, आणि मग आम्ही न बोलता घरी यायचो.

त्या दिवशी बाबा पाहुणे आल्यापासूनच्या रागातच होते. खिडकीत बसले, पिशव्या मांडीवर घेतल्या आणि आई काही म्हणायची वाट बघत समोर बघत राहिले. आई खिडकीखाली गेली.

"अवो," ती म्हणाली, "पुढल्या वर्साला असे येव नका."

बाबांनी मान वळवली. आजूबाजूच्या खिडक्यांतली तोंडंही वळली. "असे म्हंजे?"

"पावन्यासारखे. येनार असाल तर ऱ्हायला या."

बाबांनी तोंड उघडलं. पण कंडक्टरने घंटी मारली आणि गाडी हलली.  खिडकीखालच्या बायकांतली एकही "पोचल्यावर फोन करा" म्हणाली नाही. आई वळणापर्यंत थांबली नाही. ती लगेच मागे फिरली, गुरांना चारा कापायचा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. बाबा पोचले होते. मी फोन आईला दिला. ती पडवीत ओले हात पदराला पुसत उभी होती आणि बाबांचा आवाज एवढा मोठा की मला बाजूला ऐकू येत होता. मागे खोलीत कोणीतरी ट्रंक ओढत होतं. प्रवासाचं झालं, गर्दीचं झालं. मग ते म्हणाले, "काल गाडीपाशी तू काय बोललीस?"

मला वाटलं, आता ती म्हणेल, काय नाय, असंच. आयुष्यभर तिने असंच म्हटलं होतं.

"तुमी ऐकलंत त्येच," आई म्हणाली. फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्यात निघून गेली. मी कानाला लावला. मागे ट्रंक ओढल्याचा आवाज येतच होता, म्हणजे बाबांनी फोन अजून ठेवला नव्हता.